खाडीतील विजेची होडी पाण्यावर असतानाच चार्ज करता येईल का?

कर्लीकाठ

सर्वांना नमस्कार. देवबागला कर्ली नदीच्या खाडीत माझ्या आतेभावाची पर्यटकांना फिरवण्याची २० फुटी फायबरची होडी आहे. तिला ९.९ अश्वशक्तीचे पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन असून तीत दहा माणसे बसतात. एक फेरी साधारण तासाभराची असते. डिसेंबरात आणि मे महिन्यात दिवसाला पाच फेऱ्या होतात, एरवी दोन किंवा तीन. इंजिन जुने झाले आहे आणि ते बदलावेच लागणार आहे, म्हणून या वेळी विजेची मोटर बसवावी असे मी त्याला सुचवले. मी ३० वर्षे एका कारखान्याच्या देखभाल विभागात काढली असल्याने मोटर आणि बॅटरी यांची मला भीती वाटत नाही; पाण्याविषयी मात्र मी अगदीच कोरा आहे.

अडचण अशी, की आमच्या धक्क्याजवळचा वीजपुरवठा संध्याकाळी फार अशक्त होतो आणि व्होल्टेज १८०च्या आसपास उतरते. त्यामुळे होडी पाण्यात असतानाच बॅटरी भरून घेण्याचे जितके मार्ग असतील, तितके समजून घ्यायचे आहेत. मला स्वतःला तीन सुचले. छपरावर सौर पॅनेल बसवणे हा पहिला. होडीच्या मागे पाण्यात छोटा पंखा सोडून, होडी चालत असताना त्यावर वीज तयार करणे हा दुसरा. होडी नांगरलेली असताना भरती-ओहोटीच्या प्रवाहावर तोच पंखा फिरवणे हा तिसरा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सहा_नॉट

दुसरा मार्ग आधीच बाजूला ठेवू या, कारण त्यात बरेच जण अडकतात. होडी मोटरवर चालत असताना मागे सोडलेला पंखा पाण्याला अडवतो आणि त्या अडथळ्याचे ओझे शेवटी मोटरच ओढते. त्या पंख्यातून १०० वॅट मिळवायचे असतील, तर त्याची आणि तुमच्या मुख्य पंख्याची अशी दोन्हीकडची गळती धरता, मोटरला बॅटरीतून ३०० ते ४०० वॅट जास्त घ्यावे लागतील. म्हणजे एका खिशातून चार रुपये काढून दुसऱ्या खिशात एक रुपया टाकण्यासारखे आहे.

चार्ज कसे करायचे हे ठरवण्याआधी किती लागणार आहे ते पाहा. पाण्यात बुडालेल्या लांबीचे फुटांमध्ये वर्गमूळ काढून त्याला १.३४ने गुणले, की पाणी कापत जाणाऱ्या होडीची व्यवहारातील कमाल गती नॉटमध्ये मिळते (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). तुमच्या होडीची पाण्यातील लांबी १८ फूट धरली तर ही गती ५.७ नॉट येते. तिच्या जवळ जाऊ लागताच होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढण्याचा प्रयत्न करते आणि शक्तीची भूक एकदम वाढते. त्याच्या आतसुद्धा लागणारी शक्ती ढोबळमानाने गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहा माणसांसह तुमची होडी ४ नॉटने जाताना बॅटरीतून १.२ किलोवॅट घेईल असे समजू. ४.५ नॉटला हा आकडा १.७ होतो, ५ नॉटला २.३ आणि ६ नॉटला ४च्या पुढे. पेट्रोलचे इंजिन हा फरक लपवते, कारण टाकीत जरुरीपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा भरलेली असते.

शिडाची_होडी

दुसरा मार्ग सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. तो शिडाच्या होडीसाठी आहे. शीड उभारले की ओढण्याचे काम वारा करतो आणि मोटरचा पंखा उलट जनित्र म्हणून फिरवता येतो. लांब पल्ल्याच्या शिडाच्या नौकांवर ही पद्धत चांगली रुळली आहे. ६ नॉटच्या आसपास काही शे वॅट मिळतात, त्याबदल्यात गती थोडी घटते, आणि ४ नॉटच्या खाली हाती जवळजवळ काहीच लागत नाही. तुमच्या होडीला शीड नाही, त्यामुळे हा विषय इथेच थांबतो.

तिसऱ्या मार्गाचे गणित मी करून पाहिले. वाहत्या पाण्यातील शक्ती म्हणजे पाण्याची घनता, पंख्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि वेगाचा घन यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग. ३० सेंटिमीटर व्यासाचा पंखा आणि सेकंदाला १.५ मीटर वेगाचा, म्हणजे जवळजवळ ३ नॉटचा प्रवाह धरला, तर पंख्याच्या वर्तुळातून १२२ वॅट वाहून जातात आणि त्यांतले सुमारे ३५ वॅट हाती येतात. हा झाला प्रवाह अगदी जोरात असतानाचा आकडा. पाणी थबकते, उलटते, पुन्हा जोर धरते. ही चढउतार लक्षात घेतली तर सरासरी १५ वॅटवर येते. दहा तास होडी नांगरून ठेवली तर ०.१५ युनिट मिळेल, आणि वर सांगितलेल्या ४.५ नॉटच्या हिशेबाने होडी त्यावर जेमतेम पाच मिनिटे चालेल. शिवाय रात्रभर त्या पंख्यात शेवाळ आणि जाळ्यांचे तुकडे अडकतील ते वेगळेच.

कर्लीकाठ

पाच मिनिटे हा आकडा वाचून मला हसू आले, पण आभारी आहे. तीनपैकी दोन मार्ग निकालात निघाले. आता सौर पॅनेलवर बोलू. केरळात सौर फेरीबोट चालते असे ऐकले होते. ती खरोखर सूर्यावर चालते का?

कोचीकर

मी मूळचा रत्नागिरीचा असून गेली काही वर्षे कोचीत जहाजबांधणीशी संबंधित काम करतो. वेंबनाड सरोवरात वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर ‘आदित्य’ ही बोट जानेवारी २०१७पासून चालते. ती केरळच्या राज्य जलवाहतूक विभागाची असून ७५ प्रवासी नेते. लांबी २० मीटर, छपरावर २० किलोवॅटची पॅनेले, पोटात ५० युनिटची लिथियम बॅटरी आणि प्रत्येकी २० किलोवॅटच्या दोन मोटरी. एका बाजूचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर उत्तर तिथेच सापडते. दोन्ही मोटरी पूर्ण ताकदीने चालवल्या तर ४० किलोवॅट लागतील आणि भर दुपारीसुद्धा पॅनेले २०च्या पुढे जाऊ शकत नाहीत. तरीही बोट दिवसभर फेऱ्या करते, कारण ती सावकाश चालते, मार्ग आखूड आहे, आणि प्रवासी चढत-उतरत असताना मोटरी थांबलेल्या असल्या तरी ऊन थांबलेले नसते. जी तूट राहते ती रात्री धक्क्यावरच्या विजेने भरून काढतात. त्याहून महत्त्वाचे असे, की तिथे जुन्या बोटीवर पॅनेले चढवलेली नाहीत. दोन अरुंद आणि हलक्या सांगाड्यांची जोडबोट मुळातच कमी शक्तीत चालावी अशी आखलेली आहे. पॅनेले नंतर आली.

कोची वॉटर मेट्रोची रीत वेगळी आहे. ती २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या शंभर प्रवाशांच्या ॲल्युमिनियमच्या बोटी इथल्या कोचीन शिपयार्डने बांधल्या आहेत आणि त्यांचा भर धक्क्यावरील झटपट चार्जिंगवर आहे. त्यांत लिथियम टायटनेट प्रकारची बॅटरी वापरली आहे. तेवढ्याच ऊर्जेसाठी ही बॅटरी जास्त जड आणि महाग पडते, पण दहा-पंधरा मिनिटांत भरपूर प्रवाह पचवण्याची तिची ताकद असते. अडीअडचणीसाठी बोटीवर डिझेलचे जनित्रही आहे. तिथले धक्के तरंगते आहेत, म्हणून भरती असो वा ओहोटी, बोट आणि धक्का यांची उंची जुळलेली राहते. प्रवाशांना चढायला ते सोयीचे आहेच, पण चार्जिंगची केबल जोडणाऱ्यालाही त्याचे मोल कळते. तुमच्या धक्क्यावर पायऱ्या असतील, तर ओहोटीला केबल किती खाली न्यावी लागेल ते आधी मोजून ठेवा.

तांडेलाचा_नातू

आमच्या घरी तीन पिढ्या होड्या आहेत, म्हणून अनुभवाच्या दोन-तीन गोष्टी मांडतो.

आपण सगळे पाण्यातली गती मोजत आहोत, पण पर्यटक किनाऱ्याच्या हिशेबाने पैसे देतो. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी २ नॉटने बाहेर येत असेल आणि तुम्हाला त्याच्या विरुद्ध ३ नॉटने आत जायचे असेल, तर होडी पाण्यात ५ नॉटने चालवावी लागते. सहा_नॉट यांच्याच आकड्यांनी पाहिले तर ४ नॉटच्या जवळजवळ दुप्पट वीज त्यात जाईल. माझे आजोबा म्हणायचे, “पाणी चढाक लागला काय होडी आपसूक जाता.” त्यांच्याकडे इंजिन नव्हते म्हणून ते पंचांगातली तिथी बघून निघत असत. बॅटरीवाल्यालाही भरती-ओहोटीचे कोष्टक तसेच जवळ ठेवावे लागेल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हा प्रश्न सौम्य असतो.

दुसरे म्हणजे छपरावरचे वजन. होडी अरुंद आहे आणि डॉल्फिन दिसला की दहाही माणसे एकाच बाजूला धावतात. पाण्यापासून दोन मीटर उंचीवर वजन चढवले तर होडी सावरायला तेवढा जास्त वेळ घेईल. बॅटरी तळाशी, मध्यभागी आणि पक्की बांधून ठेवलीत तर काही अंशी भरपाई होईल. मात्र असा बदल केल्यावर होडीची तपासणी सागरी मंडळाकडून पुन्हा करून घ्यावी. आधी काम आणि मग परवानगी, असे करू नये.

आणि खाडीच्या मुखाशी लाट उठलेली असताना बॅटरी संपली तर काय करणार, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

विद्युतमापक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मुखाबाहेर विजेच्या होडीने जाऊच नये, असे माझे मत आहे. आतल्या फेऱ्यांसाठीही जुने पेट्रोल इंजिन विकू नका. दुरुस्त करून मागच्या फळीवर दुसऱ्या जागी ठेवा. कोचीच्या बोटींवर डिझेल जनित्र आहे ते काही हौस म्हणून नव्हे. शिवाय बॅटरी ३० टक्क्यांवर आली की फेरी घ्यायची नाही, हा नियम आतेभावाला पाठ करायला लावा.

आता हिशेब. तुमच्या छपराची वापरण्याजोगी जागा ५ मीटर बाय १.८ मीटर असेल असे धरतो. त्यावर ४०० वॅटची तीन पॅनेले बसतात. वजन सुमारे ६५ किलो. चौकट आणि काच टाळून लवचीक पॅनेले घेतली तर वजन बरेच कमी होईल, पण ती खाली हवा न मिळाल्याने तापतात आणि लवकर खराब होतात. कोकणात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आडव्या ठेवलेल्या पॅनेलला दिवसाकाठी साधारण पाच तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. उष्णता, मिठाचा थर आणि तारांमधली गळती यांपोटी चौथा हिस्सा वजा केला, तर १.२ किलोवॅटपासून दिवसाला ४.५ युनिट हाती येतील. पाच फेऱ्यांची गरज ४.५ नॉटने ८.५ युनिट आहे. म्हणजे गर्दीच्या दिवसांत निम्मी वीज छपरावरून मिळेल आणि दोन-तीन फेऱ्यांच्या दिवसांत होडी जवळपास पूर्णपणे उन्हावर निभावेल. पावसाळ्यात सूर्य दडी मारतो, पण तेव्हा जलपर्यटनही बंदच असते. शेतावरच्या पंपापेक्षा तुमच्या धंद्याचे वेळापत्रक सूर्याशी जास्त जुळते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी. अतितापाला ती इतर लिथियम प्रकारांपेक्षा शांतपणे तोंड देते. ५१.२ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची घेतली तर १० युनिट होतात आणि वजन ९० ते १०० किलो भरते. तीन पॅनेलांना तीन वेगळे सौर नियंत्रक लावावेत. पॅनेले एकामागोमाग जोडून एकाच नियंत्रकावर टाकली, तर एका पॅनेलवर पडलेली सावली किंवा बगळ्याची घाण साऱ्या माळेचे गणित बिघडवू शकते, आणि खाडीत बगळे छपरावर बसणारच. रोज सकाळी गोड्या पाण्याने पॅनेल पुसण्याचे काम कोणाच्या तरी गळ्यात बांधा.

चार्जर होडीवर ठेवू नका. २३० व्होल्टची केबल खाऱ्या पाण्यावरून होडीत नेण्यापेक्षा चार्जर धक्क्यावर बंद खोक्यात ठेवावा आणि होडीपर्यंत फक्त ५० व्होल्टच्या आसपासचा, मुख्य पुरवठ्यापासून पूर्ण विलग केलेला डीसी प्रवाह न्यावा. धक्क्यावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच हवाच. केबलचे टोक वापरात नसताना त्यात वीज राहणार नाही अशी सोय करावी, नाहीतर पिना महिनाभरात हिरव्या पडतील. मोटरच्या पाण्यातील भागावर जस्ताचा तुकडा असतो. तो झिजतो म्हणून धातू वाचतो, तेव्हा वेळच्या वेळी बदलावा.

पुण्याहून_वाचक

मी या क्षेत्रातला नाही, पण हल्ली विजेच्या स्कूटरची रिकामी बॅटरी देऊन भरलेली बॅटरी घेता येते. होडीत तसे का करू नये? मग पाण्यावर चार्ज करण्याची गरजच उरणार नाही.

विद्युतमापक

करता येते. नेदरलँड्समध्ये २०२१पासून ‘आल्फेनार’ नावाचे मालवाहू जहाज कालव्यांतून असेच चालते. तिथे अख्खा मालडबाच बॅटरीचा असतो आणि तो क्रेनने बदलतात. इथे क्रेन म्हणजे आतेभावाची पाठ. १०० किलोचे चार भाग केले तर प्रत्येकी २५ किलो होतात, आणि ते हलत्या होडीतून निसरड्या पायरीवर रोज उचलणे हा एका हंगामाचा उत्साह आहे. शिवाय कमी-जास्त भरलेल्या बॅटऱ्या समांतर जोडल्या तर भरलेलीतून रिकामीकडे जोरात प्रवाह धावतो. तो रोखणारी व्यवस्था नसेल तर संरक्षक सर्किट सगळे बंद पाडते, तेही भर खाडीत. संच एकच ठेवावा असे मला वाटते.

बर्गनहून

अशक्त वीजपुरवठ्याच्या मुद्द्यावर नॉर्वेतले एक उदाहरण देतो, कारण तिथेही मूळ अडचण हीच होती. सोग्नफियोर्डमध्ये लाविक ते ओप्पेदाल या मार्गावर २०१५ साली ‘अँपिअर’ ही गाड्या वाहून नेणारी बॅटरीवरची फेरीबोट सुरू झाली. ती १२० गाड्या आणि ३६० प्रवासी नेते, अंतर ५.७ किलोमीटर आहे आणि ओलांडायला वीसेक मिनिटे लागतात. बोटीवर सुमारे १,००० युनिटची बॅटरी आहे. प्रत्येक धक्क्यावर तिला चार्जिंगसाठी दहाच मिनिटे मिळतात, आणि एवढ्या थोड्या वेळात एवढी वीज देण्याची ऐपत किनाऱ्यावरच्या खेड्यांतील वाहिन्यांत नव्हती. त्यांनी दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या बसवल्या. बोट पलीकडे गेलेली असताना धक्क्यावरची बॅटरी वाहिनीतून सावकाश भरते आणि बोट आली की साठवलेली वीज झपाट्याने तिच्यात ओतते. आणखी एक बारकावा असा, की बोटीला धक्क्यावर निर्वात पकडीने धरून ठेवतात. नाहीतर अशा फेरीबोटी धक्क्याला टेकून राहण्यासाठी पंखे चालूच ठेवतात, म्हणजे चार्ज होत असतानाच वीज खर्च होते.

तुमच्याकडे किनाऱ्यावर वेगळी बॅटरी ठेवणे खर्चिक होईल. मात्र तत्त्व तेच वापरता येईल: थोडा प्रवाह, पण पुष्कळ वेळ.

कर्लीकाठ

व्होल्टेज संध्याकाळी सहा ते रात्री दहाच्या दरम्यान उतरते. मध्यरात्रीनंतर ते २३०च्या जवळ असते, हे मी आठवडाभर मोजून पाहिले. दुपारी एक ते तीन जेवणाची सुट्टी असते आणि तेव्हाही पुरवठा ठीक असतो. दीड किलोवॅटचा चार्जर घेतला तर त्या दोन तासांत सुमारे पावणेतीन युनिट भरतील, वर छपरावरून दोन युनिट मिळतील. उरलेले टायमर लावून रात्री एक ते पाच भरता येईल. म्हणजे किनाऱ्यावर बॅटरी न ठेवताही जमेल असे दिसते. पण हे सारे ‘४ नॉटला १.२ किलोवॅट’ या गृहीतकावर उभे आहे. ते आमच्या होडीला लागू आहे की नाही, हे मोटर विकत घेण्याआधी कसे कळणार?

सहा_नॉट

हाच प्रश्न मला तुमच्याकडून अपेक्षित होता. होडी ओढून पाहा. आतेभावाच्या होडीत दहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरा, इंजिन वर उचलून ठेवा, आणि दुसऱ्या होडीला निदान १५ मीटरच्या दोराने बांधा, म्हणजे पुढच्या होडीच्या पंख्याचे पाणी मागच्या होडीवर येणार नाही. दोराच्या मध्ये १०० किलोपर्यंतचा स्प्रिंगचा किंवा डिजिटल लोंबता काटा लावा. भांगाच्या दिवशी, पाणी थबकलेले असताना, वारा उठण्यापूर्वी एकाच टप्प्यावर जाऊन-येऊन दोन्ही दिशांना ओढा आणि मोबाइलवरील गतीची सरासरी काढा. काट्यावरच्या किलोंना ९.८१ने गुणले की न्यूटन मिळतात, त्यांना सेकंदाला मीटर या गतीने गुणले की वॅट. पंखा आणि मोटर मिळून निम्मी शक्ती वाया जाते असे धरा आणि आलेला आकडा दुप्पट करा.

कर्लीकाठ

आज सकाळी साडेसहाला प्रयोग केला. बघ्यांची गर्दी झाली आणि होडी जप्त झाली का, असे दोघांनी विचारले. ४ नॉटला काटा ३२ किलोच्या आसपास स्थिर राहिला आणि ५ नॉटला ५४च्या. सूत्राप्रमाणे ४ नॉटला ६४७ वॅट, दुप्पट केल्यावर १.३ किलोवॅट, ५ नॉटला २.७ किलोवॅट. अंदाजापेक्षा दोन्ही आकडे जास्त आहेत, विशेषतः दुसरा. ४.५ नॉटला १.९ धरले तर पाच फेऱ्यांना साडेनऊ युनिट लागतील आणि १० युनिटची बॅटरी एका भरणीत पुरी पडणार नाही; दुपारचे चार्जिंग चुकवून चालणार नाही. फेरी ४ नॉटने केली तर साडेसहा युनिटमध्ये भागेल, पण तासाभरात बेटाला वळसा पुरा होत नाही. आतेभाऊ म्हणतो की वळसा थोडा आखूड केला तर पर्यटकांना कळणारही नाही. मला ते पटलेले नाही.

तांडेलाचा_नातू

वळशाचे नंतर पाहू. प्रयोगापूर्वी होडीचा तळ घासला होता का? पावसाळ्यानंतर ती वर काढली नसेल, तर तळाला शेवाळ आणि बारीक शिंपल्यांचा थर नक्की असेल, आणि त्या खरखरीत तळाने काटा कितीतरी किलो जास्त दाखवला असेल.

कर्लीकाठ

नाही घासला. हात लावून पाहिले तेव्हा तळहात सोलवटला. येत्या उधाणाच्या भरतीला होडी वर घेतो, तळ घासून रंग देतो, आणि पुढच्या भांगाला हेच आकडे पुन्हा मोजून इथे लिहितो. तोवर मोटरची मागणी नोंदवत नाही.